घरच्या शाळेचा जमाखर्च

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही आमच्या तीन मुलांना घरीच शिकवतो, हे कळलं की बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. हे कायद्यात बसतं का, हा पहिला. आणि परवडतं कसं, हा दुसरा. आमच्या ख्रिस्ती समाजातली वडीलधारी माणसं मात्र तिसराच प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायला तोच सर्वांत अवघड आहे. ती म्हणतात, "अगं, आपली माणसं शाळेमुळे वर आली आणि तू मुलांना शाळेतून काढतेस?"

सुरुवात या तिसऱ्या प्रश्नापासूनच करते, कारण तो विचारणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. मी नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च येतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं. सिंथिया फॅरार नावाची अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आली आणि पुढे नगरला येऊन तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या होत्या आणि त्यानंतर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ज्या घरांना गावातल्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्या घरांतल्या मुलांना मिशनच्या शाळेने पाटी दिली. माझे पणजोबा अशाच एका खेड्यातल्या शाळेत शिकले आणि पुढे मास्तर झाले. त्यांच्या हातची एक वही आमच्या घरात अजून आहे. तेव्हा शाळा या गोष्टीविषयी माझ्या मनात कसलीही अढी नाही, उलट ऋणच आहे.

पण घरी शिकवणं हीदेखील आपलीच परंपरा आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. लहानपणी त्या कुठल्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिलं. पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू होण्याआधी, मुलीला जवळ घेऊन आई तोंडी पाठ देत असे. हाती पुस्तकसुद्धा नसे. त्या शिकवणीच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. हे कुटुंब तेव्हा ख्रिस्ती नव्हतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. घरी शिकलेल्या या बाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. म्हणजे घरात मिळालेली विद्या त्यांनी घरात ठेवली नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकसुद्धा अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर, आपल्याच घरात.

ख्रिस्ती जगात घरच्या शाळेचा दाखला द्यायचा झाला, तर हमखास सुझॅना वेस्ली यांचं नाव निघतं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची ही आई. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाची बायको. एकोणीस मुलं झाली, त्यांतली दहा जगली. घरात पैशाची कायम ओढाताण असे. १७०५ मध्ये नवऱ्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं आणि १७०९ मध्ये राहतं घर जळालं. अशा घरात या बाईने रोज सहा तास शाळा चालवली. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. मूल पाच वर्षांचं झालं की शिकवणं सुरू, आणि वाचायला घ्यायचं ते पवित्र शास्त्राचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती. विकत आणलेलं क्रमिक पुस्तक नाही. तिचा एक नियम मला फार आवडतो. मुलगी नीट वाचायला शिकेपर्यंत तिला कामाला जुंपायचं नाही. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. शिवाय आठवड्यातली एकेक संध्याकाळ ती एकेका मुलासाठी राखून ठेवी. त्या वेळी फक्त त्या मुलाशी बोलायचं. या व्यवस्थेला पैसा लागला नाही, पण त्या बाईचा वेळ किती लागला असेल, याचा विचार करून पाहा.

आता आमच्या श्रद्धेचा भाग. जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना शिकवण्याचं काम आईबापांवर टाकलं आहे. घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना मुलांशी त्याविषयी बोलत राहावं, असा त्याचा आशय आहे. आता याचा अर्थ शाळेत घालू नका असा नाही. आमच्या मंडळीतली बहुतेक कुटुंबं मुलांना शाळेत घालतात आणि ही आज्ञाही पाळतात. आमच्या घरी काय झालं तेवढंच सांगते. तीन मुलांची खासगी इंग्रजी शाळेची फी, व्हॅन आणि शिकवणी यांत माझ्या यजमानांच्या पगाराचा तिसरा हिस्सा जात होता. मी बालवाडीत शिकवत होते, तो पगारही त्यातच जाई. मुलं संध्याकाळी सातला शिकवणीहून येत. जेवण, गृहपाठ, झोप. वाटेने चालताना बोलायचं म्हटलं तर वाट व्हॅनमध्ये जायची. त्यातच मधल्या मुलाला वाचायला वेळ लागत होता आणि साठ मुलांच्या वर्गात त्याच्यासाठी कोणी थांबणं शक्य नव्हतं. त्याच्यासाठी थांबणारं कोणीतरी हवं होतं. ते माणूस मीच असावं, असं आम्ही दोघांनी प्रार्थनेत आणि कागदावर, दोन्हीकडे ठरवलं.

कागदावर असं मुद्दाम म्हणते. लूकच्या शुभवर्तमानात बुरुज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न करता पाया घातला, तर अर्धवट बुरूज पाहून लोक हसतील, असं प्रभू येशूने त्यात सांगितलं आहे. घरची शाळा काढणाऱ्याने हा दृष्टान्त भिंतीवर लावावा. श्रद्धा आहे म्हणून हिशेब नको, असं त्यात कुठेही नाही.

तर आता जमाखर्च. आधी स्वस्तात काय होतं ते पाहू.

पुस्तकांना जवळजवळ काहीच लागत नाही. बालभारती ही संस्था १९६७ पासून पाठ्यपुस्तकं काढते आहे. ही पुस्तकं मुळातच स्वस्त असतात आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. एनसीईआरटीच्या पुस्तकांचंही तसंच. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संस्थेने सर्वांसाठी खुले केले आहेत. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी जे लिहिलं ते त्यात आहे. आम्ही क्रमिक पुस्तकं शेजारच्या मुलांकडून वर्ष संपल्यावर निम्म्या किमतीत घेतो आणि पेन्सिलीच्या खुणा खोडून वापरतो. गावच्या वाचनालयाची वर्गणी भरली की गोष्टी, चरित्रं, प्रवासवर्णनं यांची सोय होते. सरकारी अनुदानावरचं वाचनालय आपल्याकडे पुष्कळ गावांत आहे. बालविभागाची कपाटं मात्र बऱ्याचदा बंद असतात. ती उघडायला सांगायची.

विज्ञानासाठी प्रयोगशाळा लागते, ही समजूत अरविंद गुप्ता यांनी खोटी ठरवली. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करण्याची त्यांची युक्ती १९७०च्या दशकातली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती सारी, आणि मराठीसकट अनेक भाषांतली हजारो पुस्तकं, विनामूल्य आहेत. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही आणि चौकोन मात्र लगेच कलतो, हे माझ्या धाकटीने हाताने पाहिलं. नंतर एसटी स्टँडच्या छपराखालचे लोखंडी त्रिकोण तिचे तिनेच दाखवले.

गणिताचा निम्मा भाग बाजारात होतो. पाव किलोचा भाव ठाऊक असेल तर साडेसातशे ग्रॅमचे किती? विजेचं बिल आलं की मधला ते वाचतो. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी, मग पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा आणि पुढचा वेगळा. अपूर्णांक आणि टक्केवारी त्याला या बिलाने शिकवली. थोरलीकडे महिन्याच्या किराण्याची वही असते. घरात पैसा किती येतो आणि कुठे जातो, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही. दशांश देवासाठी बाजूला काढल्यावर उरलेल्यातच भागवायचं असतं, हे त्यांना ठाऊक आहे. ओढाताणीच्या घरात हाच मोठा धडा असतो आणि त्याला पाठ्यपुस्तक नाही.

भाषेसाठी आमच्याकडे तर खजिनाच आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्यातल्या थोड्या ओव्या अर्थ सांगून आम्ही म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या मुलांसाठीच्या कविता आहेत, आणि त्यांची भजनं उपासनेत मुलं म्हणतातच. पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आहेत, म्हणजे महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. सकाळी तो वाचायचा, त्यातल्या दोन ओळी चांगल्या अक्षरात उतरवायच्या. शुद्धलेखन, हस्ताक्षर आणि विचार, तिन्ही एका पानात होतात.

एक पद्धत मात्र मी इंग्लंडच्या शार्लट मेसन यांच्याकडून घेतली. या बाईंनी १८८६ मध्ये 'होम एज्युकेशन' हे पुस्तक लिहिलं. लहान मुलांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचेच असावेत आणि वाचून दाखवलेलं मुलाने लगेच आपल्या शब्दांत परत सांगावं, हे त्यांच्या पद्धतीतले दोन मुख्य नियम. प्रश्नपत्रिका नको, रिकाम्या जागा नकोत. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. कीर्तन ऐकून घरी आलेली आजी ते सगळं आख्यान ओसरीवर परत सांगत असेच की! माझ्या मधल्या मुलाला वाचायला जड जात होतं, पण ऐकलेलं तो इतकं तपशिलाने सांगे की मी थक्क होई. त्याच्या सांगण्यातून मी लिहून घेतलं आणि तेच त्याला वाचायला दिलं. स्वतःचे शब्द असल्यामुळे ते त्याला वाचता येऊ लागले. यात वर्ष गेलं. पैसे गेले ते दोन वह्यांचे.

पैसे वाचवण्याची खरी युक्ती मात्र वेगळीच आहे. तीन मुलांच्या तीन इयत्ता वेगवेगळ्या चालवायच्या नाहीत. गणित आणि भाषेचा पाया ज्याचा त्याचा. बाकी इतिहास, भूगोल, विज्ञान एकत्र. मलिक अंबरचा धडा घेतला तर धाकटी किल्ल्याचं चित्र काढते, मधला गोष्ट सांगतो आणि थोरली निजामशाहीचा नकाशा करून निबंध लिहिते. नंतर सगळे मिळून नगरचा किल्ला पाहायला जातो. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरूंना याच किल्ल्यात ठेवलं होतं आणि त्यांचा भारताच्या इतिहासावरचा ग्रंथ इथेच लिहिला गेला. एक पुस्तक, एक फेरी आणि तीन मुलं.

अमेरिकेत ही चळवळ मोठी आहे. १९८०च्या दशकात ख्रिस्ती कुटुंबांत ती झपाट्याने पसरली आणि १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळाली. त्यामुळे तिकडे वर्षभराचा अभ्यासक्रम खोक्यात भरून विकणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडच्या काही कुटुंबांना वाटतं, ते खोकं आल्याशिवाय ख्रिस्ती घरशाळा होत नाही. माझं मत स्पष्ट आहे. ओढाताणीच्या घराने त्या वाटेला जाऊ नये. त्यात नाणी डॉलरची असतात, झाडं त्यांच्या अंगणातली आणि इतिहास त्यांचा. आमच्या मुलांना लिंब, बाभूळ, सीना नदी आणि फुले-आंबेडकर आधी कळायला हवेत.

असं सगळं मिळून तीन मुलांच्या वह्या, पुस्तकं, वर्गणी, रंग आणि एसटीची भाडी यांचा आमचा खर्च महिन्याला सरासरी हजार-बाराशे रुपयांत बसतो. इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, वा, फारच स्वस्त! आता खर्चाची दुसरी बाजू ऐका. ती सहसा कुणी सांगत नाही.

घरात शिकवायला एक माणूस दिवसभर लागतं आणि ते माणूस बहुधा आई असते. माझा बालवाडीचा पगार बंद झाला, तो या हिशेबात धरावाच लागेल. तो धरला तर घरची शाळा स्वस्त राहत नाही. पगार तर बुडतोच, शिवाय अनुभवाची वर्षं आणि म्हातारपणाची पुंजीही बुडते. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. संध्याकाळचा एक तास शिकवणं आणि रविवारचा स्वयंपाक यजमानांकडे. आणि माझ्या नावावर दरमहा थोडी का होईना बचत. आई शिकवते म्हणून ते फुकट, हा विचार ख्रिस्ती घरात तरी चालू नये. पवित्र शास्त्रात कामकऱ्याच्या मजुरीविषयी बरंच काही सांगितलेलं आहे.

दुसरं, ज्या घरात पैशाची खरोखर टंचाई आहे, त्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेतून काय काय मिळतं ते मोजावं. आठवीपर्यंत फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत, दुपारचा शालेय पोषण आहार. शिष्यवृत्त्या वेगळ्या. दोन मुलांचं दुपारचं जेवण वर्षभर घरात करायचं तर त्याला तांदूळ-डाळ लागते. आईबाप दोघंही मजुरीला जात असतील आणि घरात दिवसा कोणी नसेल, तर त्या मुलांची जागा शाळेतच आहे. तिथे घालून संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावं. मराठी शाळेत मन लावून शिकवणारे गुरुजी आणि बाई मी पाहिल्या आहेत. मूल शाळेत घातलं म्हणून कुणाची श्रद्धा कमी ठरत नाही. घरी शिकवणाऱ्यांनी तसं सुचवणं हा तर गर्वच झाला.

आता कायद्याचा प्रश्न. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क त्याने दिला आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याच्या दहाव्या कलमात म्हटलं. घरी शिकवण्याचा उल्लेख कायद्यात नाही आणि त्यासाठी पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणजे स्पष्ट परवानगीही नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. ही मोकळीक आहे असं समजून निष्काळजी राहू नये. हा कायदा मुलांना मजुरीपासून आणि अज्ञानापासून वाचवायला केलेला आहे. तो हेतू आपल्या घरात पुरा होतो आहे, हे कुणालाही दाखवता आलं पाहिजे. आम्ही प्रत्येक मुलाची तारीखवार वही ठेवतो. काय शिकवलं, काय वाचलं, काय जमलं नाही.

त्याहून व्यवहाराची बाब म्हणजे दाखला. शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे फार मोठा कागद आहे. जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, पुढचे प्रवेश, सगळीकडे तो मागतात. तेव्हा शाळा सोडताना तो रीतसर घ्यावा. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि इतर नोंदी जन्मदाखल्याशी ताडून पाहाव्यात. ज्या मुलाचं नाव कधी शाळेत घातलंच नाही, त्याच्या पालकांनी तर कागदपत्रांची आधीपासून काळजी घ्यावी.

दहावीचं काय, हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथून दहावीला बसता येतं. त्यासाठी नववी पास असल्याचा दाखला लागत नाही. किमान एक भाषा धरून पाच विषय घ्यायचे. ते निवडण्याची मोकळीक असते. मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नापास झालेला विषय पुन्हा देता येतो. घरी करायचे स्वाध्याय मात्र वेळेवर द्यावे लागतात आणि विज्ञानासारख्या विषयाची प्रात्यक्षिकं केंद्रावर जाऊन करावी लागतात. आपल्या राज्य मंडळाची सतरा नंबरच्या फॉर्मची वाट बहुतेकांना ठाऊक असते. मंडळाचं मुक्त विद्यालयही आहे. या वाटांच्या अटी आणि फी वेगवेगळी असते, म्हणून मूल बारा वर्षांचं असतानाच मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारावं. आमच्या थोरलीने एनआयओएसमधून दहावी केली आणि ती आता इतर मुलींबरोबर कनिष्ठ महाविद्यालयात जाते. पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट विचित्र वाटली. घंटा वाजली की विषय अर्धवट सोडून उठायचं.

शेवटी, मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीविषयी बोलते. घरी शिकणारं मूल एकटं पडतं का? पडू शकतं. आणि ख्रिस्ती घरात तर धोका दुहेरी असतो. आपण संख्येने थोडे. त्यात 'बाहेरच्या वाऱ्यापासून मुलांना जपायचं' असं म्हणत दार लावून घेतलं, तर मूल वचनं पाठ म्हणेल, पण शेजाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नसेल. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून उत्तर दिलं. त्यातला मदतीला धावलेला माणूस परक्या समाजाचा होता. ही गोष्ट फक्त शब्बाथ शाळेत शिकवून भागत नाही. मूल गल्लीत क्रिकेट खेळलं पाहिजे, भांडून घरी आलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी परत गेलं पाहिजे. ईदचा शीरखुर्मा, दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या करंज्या यांच्या ताटांची ये-जा चालू राहिली पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूच्या वाढीविषयी थोडक्यात सांगितलं आहे. तो ज्ञानात वाढला, शरीराने वाढला, देवाच्या कृपेत वाढला आणि माणसांच्याही. आमचं वेळापत्रक या चार खणांचं आहे. चौथा खण रिकामा राहिला, तर पहिल्या तिघांचा उपयोग नाही. म्हणून आठवड्यातल्या तीन दुपारी आमची बैठकीची खोली गल्लीतल्या मुलांसाठी उघडी असते. वीटभट्टीवरच्या दोन कुटुंबांतली मुलं येतात. त्यांचा वर्ग थोरलीने घेतलेला आहे. तिचंही वाचन त्यामुळे पक्कं झालं. पलीकडचे निवृत्त गुरुजी मधल्याला बीजगणित शिकवतात आणि तो त्यांना मोबाइलवर पेन्शनची कागदपत्रं भरून देतो. यात रोख पैसा कुठेच नाही, पण देवघेव आहे. मिशनच्या शाळेने आमच्या पणजोबांना जे दिलं, त्याची परतफेड मुलं घरी शिकवून होत नाही. ती या तीन दुपारी होते.

ज्यांच्या मनात हा विचार घोळत असेल, त्यांना एवढंच सांगते. मुलाचं नाव काढण्याची घाई करू नका. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तीन तास मुलांबरोबर बसून पाहा. वाचून दाखवा, ऐकून घ्या, हिशेब लिहून ठेवा. किती पैसे लागले, किती वेळ लागला आणि किती वेळा आवाज चढला, हे तिन्ही लिहा. सुट्टी संपताना नवरा-बायकोने ती वही समोर ठेवून बोलावं. जमणार असेल तर पैसा कमी आहे म्हणून मागे हटू नका. जमणार नसेल तर जूनमध्ये मुलाला आनंदाने शाळेत सोडा आणि संध्याकाळचा एक तास मात्र त्याच्यासाठी ठेवा. सुझॅनाबाईंनीसुद्धा मुलं मोठी झाल्यावर त्यांना शाळेतच धाडलं होतं.